शेवटचा हात

घर पूर्ण झालं की नाही, हे त्यांच्याकडे कागदावर ठरत नसे. शिड्या भिंतीला टेकलेल्या असत, लोकर भरायची जाड नळी अंगणात सुस्तावलेल्या अजगरासारखी पडलेली असे, ड्रिलवाला पायरीवर बसून मान पुसत असे, आणि दुलईकाका दारात बूट काढून आत जात. मग अर्धा तास घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. काका खोलीखोलीतून फिरत आणि उजव्या हाताची पाठ भिंतीवरून नेत. खिडकीच्या चौकटीखालून, कोपऱ्यातून, कपाटामागे हात शिरेल तिथवर. तळहात काम करून करून निबर होतो, त्याला सगळंच सारखं लागतं. पाठ मात्र हळवी राहते, असं त्यांचं म्हणणं. भिंतीत कुठे लोकर पोचली नसेल तर हात तिथे थबके. मग ते बाहेर येऊन नुसतं बोट दाखवत आणि ड्रिलवाला कुरकुरत उठे. सगळं ठीक असलं तर दारात उभं राहून एकच शब्द म्हणत, "झाकलं." की शिड्या उतरल्या.

ह्याला सगळे शेवटचा हात म्हणत. गल्लीत कुणाच्या घराचं काम निघालं की शेजारी विचारत, शेवटचा हात काकांचाच ना? मग ठीक.

धंदा साधा होता. ह्या भागातली घरं दुहेरी भिंतींची, मधे चार बोटं पोकळी. बांधणाऱ्यांनी ती पोकळी ओल आत येऊ नये म्हणून ठेवली, आणि तिच्यातून थंडी आयती घरभर फिरायला लागली. बाहेरून विटांच्या सांध्यांत ओळीनं भोकं पाडायची, नळी लावून लोकर फुंकायची, भोकं बुजवायची. वर छपराखाली लोकरीचे जाड पट्टे अंथरायचे. लोकर म्हणजे मेंढीची नव्हे, दगड वितळवून काढलेली. गिऱ्हाइकानं हटकून विचारलं की काका सांगत, ही मेंढी डोंगराएवढी असते आणि कधी ओरडत नाही.

दुलईकाका हे नाव त्यांना आधीच्या नोकरीनं दिलं होतं. ते गाद्या-दुलयांच्या कारखान्यात होते. वीस वर्षं त्यांनी कापूस पिंजला, भरला, टाके घातले. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांना दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, ऊब कापसात नसते, कापसानं धरून ठेवलेल्या हवेत असते. जास्त दाबलं की ऊब गेली. दुसरी गोष्ट कारखान्यातली नव्हती, घरातली होती. ते वाढले त्या खोलीची मागची भिंत हिवाळाभर घामेजलेली असायची. आई सकाळी फडकं घेऊन ती पुसायची, जशी एखादी तापलेल्या पोराचं कपाळ पुसते. चार भावंडं एका बिछान्यात. भिंतीकडची जागा सगळ्यांत धाकट्या बहिणीची, कारण तिला भांडता येत नसे. ती तीन हिवाळे खोकत राहिली. वाचली, मोठी झाली, आता आजी आहे, पण अजूनही कुणाकडे मुक्कामाला गेली तरी झोपण्याआधी बिछाना भिंतीपासून वीतभर लांब ओढते. काका तिला कधी त्यावरून चिडवत नसत. बाकी सगळ्यावरून चिडवत.

सून घरात आली ती व्हॅन चालवता येते हे सांगतच. मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सुनेनं महिनाभर घरात बसून पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाली, बाबा, तुमच्या वह्या म्हणजे उंदरानं कुरतडलेल्या दिसतात, मी बघू का? वह्या बघता बघता तिनं व्हॅन घेतली, मग लोकर फुंकायचं यंत्र, मग गिऱ्हाइकांशी बोलणं. दोन वर्षांत धंदा तिचा झाला आणि काका तिच्याकडे कामाला, असं काकाच सांगत आणि हसत. मग तिनं तो कॅमेरा आणला, ज्यात भिंतीचा गार भाग निळा आणि उबदार भाग नारिंगी दिसतो. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, ह्याला स्वतःला हुडहुडी भरते का? ती म्हणाली, तुमचा हात गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही बाबा, चित्र दाखवता येतं. पंधरा दिवस दोघांची तणातणी चालली. शेवटी तह झाला: कॅमेरा कामाच्या आधी, घर कुठे गळतंय ते दाखवायला, आणि हात कामानंतर.

त्या तहाला चौथं वर्ष लागलं तेव्हा काकांचा हात गेला.

गेला म्हणजे दिसायला जागेवर होता. जड उचलायचा, स्क्रू फिरवायचा. आधी शर्टाची गुंडी लावताना बोटं चाचपडली. काकांना वाटलं, शिंप्यानं काज बारीक केलं. मग एका घरी शेवटचा हात लावताना त्यांनी खिडकीच्या काचेला स्पर्श केला. बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं होतं, आणि काच काहीच म्हणाली नाही. गार नाही, गरम नाही. मधे कुणीतरी जाड कापड धरावं तसं. त्यांनी हात झटकला, चोळला, पुन्हा लावला. खालून ड्रिलवाल्यानं विचारलं, काय काका? आणि काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "झाकलं."

ते घर खरोखरच नीट झालेलं होतं, हीच पंचाईत. ते कमी पडलं असतं तर काकांनी कदाचित तेव्हाच सांगून टाकलं असतं. पण त्यांचा अंदाज बरोबर निघाला. पुढच्याही घरी निघाला. पंचवीस वर्षांत भिंतींशी जी ओळख झाली होती ती काही एका हातात नव्हती. ओलीचा वास नाकाला कळायचा. कोपऱ्यातलं कोळिष्टक हलतंय का ते डोळ्यांना दिसायचं. यंत्र चालू असताना कुठे किती वेळ थांबलं ते कानांनी मोजलेलं असायचं. काका हाताची पाठ भिंतीवरून फिरवत, पूर्वीपेक्षा जरा सावकाशच, आणि निकाल मात्र बाकीच्यांना विचारून देत. फसवतोय असं त्यांना वाटत नव्हतं. निदान दिवसा वाटत नव्हतं. घरी बायकोलाही त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं डॉक्टर म्हटलं असतं, डॉक्टरनं आराम म्हटलं असतं, आणि शेवटचा हात गेला की आपण काय, शिडी धरणारा एक म्हातारा, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. असं करत वर्षात सतरा घरं झाली.

अठरावं घर सिस्टरचं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, सत्तरीच्या. घरांच्या ओळीतलं शेवटचं घर, उत्तरेची भिंत उघडी, वारा सगळा त्यांच्या वाट्याला. मागच्या छोट्या खोलीत त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठीच हे काम. सिस्टर पहिल्याच दिवशी सुनेला म्हणाल्या होत्या, मला विजेचं बिल कमी आलं नाही तरी चालेल, ताईचे पाय ऊबदार राहिले पाहिजेत. तीन दिवस काम चाललं. उत्तरेच्या भिंतीवर पावसाच्या पाण्याचा पाइप छपरापासून खालपर्यंत आला होता. त्याच्यामागे ड्रिल शिरत नव्हतं. ड्रिलवाला म्हणाला, शेवटी पाइप सोडवून ती ओळ करतो. शेवटी म्हणता म्हणता जेवणाची वेळ झाली, मग दुसऱ्या बाजूची शिडी हलवली, आणि ती ओळ राहून गेली. त्यालाही त्याची फार धास्ती नव्हती. काही राहिलंच तर काकांचा हात आहेच, असं तो नेहमी म्हणे.

काकांनी ताईंच्या खोलीत हात फिरवला. ताई झोपल्या होत्या. खोलीत हीटर होता, औषधांचा वास होता, कोळिष्टक एकही नव्हतं, कारण सिस्टरचं घर. नाकाला काही मिळालं नाही, डोळ्यांना काही मिळालं नाही. काका क्षणभर घुटमळले. मग दारात येऊन त्यांनी तो शब्द उच्चारला.

पाच आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. तक्रार नाही, नुसती माहिती देते, असं त्या म्हणाल्या. ताईच्या उशाशी भिंत घामेजते आहे. पूर्वी सगळी भिंत थोडी थोडी दमट असायची, आता एकच पट्टा चिंब असतो आणि त्यावर काळे ठिपके धरले आहेत. ताईला खोकला लागला आहे, पण तो कशाचा ते मी आत्ताच म्हणणार नाही.

फोनवर सून होती. तिनं ठेवला आणि काकांना सांगितलं. काकांनी टेबलावरचा पाना उचलून दुसरीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून, काका आणि ड्रिलवाला, तिघंही गेले. ताईंची खाट सिस्टरनी पुढे ओढून घेतली होती. भिंतीपासून चांगली वीतभर लांब. काका दारातच थांबले. सुनेनं कॅमेरा लावला आणि काकांपुढे धरला. सगळी भिंत नारिंगी, आणि उशाच्या बाजूला, जमिनीपासून छतापर्यंत, हातभर रुंदीचा एक निळा पट्टा. कुणीतरी पट्टी लावून रंगवल्यासारखा सरळ. काकांना चित्राची गरज नव्हती. बाकी भिंत उबदार झाल्यावर घरातली सगळी वाफ त्या एका गार पट्ट्यावर जाऊन बसायला लागली होती. म्हणजे काम केल्यानं ताईंचं बरं होण्याऐवजी, नेमकं त्यांच्या उशाशी वाईट झालं होतं.

सून तडक बाहेर गेली, पाइपामागे वाकून बघितलं, आणि तिचा आवाज चढला. ओळीच्या ओळी बुजवलेली भोकं, आणि पाइपामागे विटा कोऱ्या करकरीत. ड्रिलवाल्याला तिनं असं राहिलेलं गेल्या वर्षीही एकदा पकडलं होतं. तेव्हा सांगितलं होतं की पुन्हा झालं तर आपले रस्ते वेगळे. आता तिनं तेच शब्द परत म्हटले. तो आपला, काकांनी हात लावला होता ना, मग, काकांनी झाकलं म्हटलं ना, एवढंच घोळवत राहिला. पन्नाशीचा, आडदांड, ड्रिलनं कान अर्धे गेलेला माणूस. त्याला घालून पाडून बोलताना तिलाही जड जात असावं, पण ती थांबत नव्हती.

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत ऐकू येत होतं. सिस्टरनी काकांना तिथे बसवलं होतं आणि स्टीलच्या पेल्यात चहा ओतला होता. उकळता. पेला त्यांनी स्वतः रुमालानं धरून पुढे ठेवला. काकांनी तो सरळ मुठीत घेतला आणि धरून ठेवला. नजर खिडकीबाहेर.

सिस्टर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चटका नाही बसत? काका म्हणाले, सवय आहे. सिस्टरनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला, हात उताणा केला, पालथा केला. बोटांच्या मधल्या पेरांवर दोन जुने फोड होते, भरत आलेले; काकांनाही ते कधी आले ते सांगता आलं नाही. सिस्टर उठल्या, ओट्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली आणि दोन चमचे घेऊन आल्या.

"डोळे मिटा, दुलईभाऊ."

काकांनी मिटले. हाताच्या पाठीवर एक चमचा टेकल्यासारखं वाटलं, म्हणजे दाब कळला. मग दुसरा.

"कुठला गरम?"

काकांनी मनाशी हिशेब केला. बाई गरम चमचा आधी लावेल, चहाचं पातेलं तिच्या जवळच्या हाताला आहे. "पहिला गरम," ते म्हणाले. "दुसरा गार."

"दोन्ही एकाच भांड्यातले होते," सिस्टर म्हणाल्या. "गार पाण्यातले."

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"तुम्ही अंदाज करता. फार चांगला करता, म्हणून कुणाला कळलं नाही. कधीपासून?"

गेल्या हिवाळ्यापासून, असं काका म्हणाले. इतकं हळू की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नसेल. सिस्टरनी चमचे पुसून खणात ठेवले. त्या रागावतील असं काकांना वाटलं होतं. ती भिंत त्यांच्याच बहिणीच्या उशाशी होती. पण त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि वेगळंच बोलल्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढली. एका पहाटे एका पेशंटची नाडी त्यांना लागेना. बोटं गारठलेली, पुढे अकरा खाटा बाकी. त्यांनी चेहऱ्याकडे पाहून आकडा लिहिला आणि पुढे गेल्या.

"त्या माणसाला काही झालं नाही," सिस्टर म्हणाल्या. "धडधाकट घरी गेला. म्हणून तर मी कुणाला सांगू शकले नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे."

बाहेर सून ड्रिलवाल्याला म्हणत होती की आजचं काम संपव आणि हत्यारं व्हॅनमध्ये ठेवून जा.

काका उठले. बूट घालायचे राहिले. मोज्यांवरच ओल्या अंगणात गेले. सुनेला म्हणाले, त्याला बोलू नकोस. ओळ त्याची राहिली, खरं आहे, पण राहिलेलं पकडायचं काम माझं होतं.

"बाबा, एखादवेळी चुकतं. तुमचं पंचवीस वर्षांत एकदा—"

"चुकलं नाही. मला कळलंच नाही. हाताला वर्षभर काही कळत नाहीये माझ्या."

सून बघत राहिली. तिचं बोलणं संपलं तसे ड्रिलवाल्यानं कामासाठी कानात बोळे घातले होते. त्याला फक्त काकांचे ओठ हललेले दिसले. काय म्हणाले काका, असं त्यानं सुनेला विचारलं. सुनेनं काकांकडे बोट केलं. त्यानं काकांनाच विचारलं. काकांनी पुन्हा सांगितलं. त्याला ते पुन्हा कळलं नाही, हात काय झालं हाताला, असं तो जवळ येऊन विचारू लागला. तेव्हा काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं की माझ्या हाताला गार-गरम कळत नाही. समोरच्या घरात कुणीतरी पडदा सारला. दोन दारांपलीकडे कपडे वाळत घालणारी बाई चिमटा तोंडात धरून थांबली. जी गोष्ट लपवायला काकांनी वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता, ती ड्रिलवाल्याच्या बहिरेपणामुळे अख्ख्या ओळीला एका दमात कळली.

ड्रिलवाल्यानं बोळे काढले. आधी बोळे काढायला हवे होते, असं तो चूक कबूल केल्यासारखा म्हणाला. मग पाइपाचे स्क्रू सोडवायला लागला, कुणी सांगायच्या आत.

परतताना व्हॅन सून चालवत होती. तिचा राग काकांना चालला असता. ती गिअर बदलताना फार जपून बदलत होती, ते त्यांना सोसेना. घरी आल्यावर तिनं वही काढली, वर्षभरातली घरं एकाखाली एक लिहिली आणि म्हणाली, सगळीकडे परत जायचं. दारात बोलायचं तुम्ही. मी कॅमेरा धरीन.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा पारा भलत्याच जागी चढला. गेलं वर्षभर हा माणूस चहा गार झाला म्हणून एकदाही कुरकुरला नव्हता. तिला वाटलं होतं, चला, म्हातारपणी का होईना स्वभाव निवळला. मैत्रिणींत तिनं तसं सांगितलंही होतं. "आता त्यांना काय सांगू?" असं ती म्हणाली, आणि मग ओट्याकडे वळून बराच वेळ तिथेच काहीतरी पुसत राहिली. डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. रक्तात साखर निघाली, बरीच, आणि बरीच जुनी. डॉक्टर म्हणाला, आणखी बिघडू नये एवढं बघू. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही.

सतरा घरं बघायला तीन आठवडे गेले. प्रत्येक दारात काका टोपी काढून तेच सांगत. पहिल्या दोन दारांत त्यांनी फिरवून सांगून पाहिलं, यंत्र, हवामान वगैरे. सून मागे उभी राहून खाकरली. तिसऱ्या दारापासून ते सरळ सांगायला लागले. लोकांनी नाना तऱ्हेनं घेतलं. एका बाईंनी त्यांना आधी बसवून साखर किती निघाली ते विचारलं आणि आपल्या दिराची सगळी हकीकत सांगितली. एका घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग वर सारून विचारलं, म्हणजे आमचं घर तुम्ही डोळे झाकून झाकलंत? काका म्हणाले, हो. त्यावर तो बाजूला झाला आणि त्यानं सुनेला आत घेतलं. त्याचं घर ठीक होतं. पंधरा घरं ठीक निघाली. दोन निघाली नाहीत: एका घराच्या छपराखाली कोपरा उघडा होता, आणि एका नव्या जोडप्याच्या स्वयंपाकघराची अर्धी भिंत रिकामी. ती मुलगी म्हणाली, आम्हाला वाटलं, नवीन घर असंच असतं. हे काकांना घड्याळजीच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं. दोन्ही घरं त्यांनी त्याच आठवड्यात भरून दिली. ड्रिलवाल्यानं दोन्हीकडे प्रत्येक भोक मोजलं, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं.

शेवटचा हात बंद करावा, कामानंतरही कॅमेराच लावावा, असं काकांनी सुचवलं. सून म्हणाली, कॅमेरा लावूच. पण कपाटामागे तो जात नाही, आणि उन्हानं तापलेली भिंत त्याला फसवते. मला शिकवा.

मग काका शिकवायला लागले. हात आधी कोमट पाण्यानं धुवायचा. पाच मिनिटं खोलीत नुसतं उभं राहायचं, हाताला खोलीची ओळख होऊ दे. बांगडी, घड्याळ काढायचं. भिंतीला दाबायचं नाही, टेकवायचंही नाही पुरतं. झोपलेल्या माणसाला ताप आहे का बघतात तेवढंच. सून आधी हसली, मग हसायची थांबली. पहिल्या दिवशी तिला सगळी भिंत गार लागली, दुसऱ्या दिवशी सगळी ऊबदार. कळत नाहीये बाबा, असं ती वैतागून म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं जीभ चावली. काका म्हणाले, कळत नाही हे कळलं ना, मी तिथेच नापास झालो.

हिवाळा सरत आला तेव्हा एका निवृत्त पोस्टमनच्या घराचं काम निघालं. सडाफटिंग माणूस, बोलका. त्यांनी काकांची गोष्ट ऐकलेली होती, ओळीतल्या सगळ्यांनीच ऐकली होती, पण ती त्यांना पटलेली नव्हती. काम संपलं, सुनेनं घड्याळ काढलं, तशी त्यांनी वाट अडवली. हात काकांचा हवा. मुलगी हुशार असेल, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण माझ्या मोठ्या भावाच्या घराला तुमचा हात लागला होता, शेजारच्यांच्याला लागला होता. कळत नसेल तर नसू दे. नुसता फिरवा. तुमचं काय जातं?

काका उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. सवयीनं एक पाय बुटातून अर्धा बाहेर आलेलाही होता. पोस्टमन आर्जवानं बघत होते, थट्टा नव्हती त्यात. सून मागे उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"नको," काका म्हणाले. "तुम्हाला बरं वाटेल, पण भिंतीला नाही वाटणार." आणि त्यांनी पाय बुटात परत सारला.

पोस्टमन नाराजीनं बाजूला झाले. सून आत गेली. काका अंगणात यंत्रापाशी थांबले. ती फार वेळ घेत होती. काकांना लागायचा त्याच्या दुप्पट. पोस्टमन दोनदा दारापर्यंत येऊन घड्याळ बघून गेले. ऊन उतरलं, भिंतीवरून सरकत छपरावर गेलं. अखेर ती बाहेर आली. जिन्याच्या वळणाला, खाली, बोटभर जागा मला बरी वाटत नाही, असं म्हणाली. कॅमेऱ्यात काही दिसत नाही. कदाचित माझाच भास असेल.

ड्रिलवाल्यानं काकांकडे पाहिलं. पूर्वी अशा वेळी काका मान हलवत किंवा नाही म्हणत, आणि विषय संपे. आता त्यांनी आपल्याकडे बघू नकोस अशी खूण केली. ड्रिलवाल्यानं निमूट बोळे घातले आणि तिनं दाखवलं तिथे भोक पाडलं. यंत्र सुरू झालं. नळी धरायला माणूस लागतो, म्हणून काकांनी ती कुशीत घेतली. लोकर आतून धडधडत जात होती. बोटांना नसेल, पण कोपराला, बरगड्यांना ती थरथर पुरती कळत होती. म्हणजे पोकळी होती. बोटभर नव्हे, चांगली घागरभर लोकर मावेल एवढी होती. पोस्टमन दारात येऊन उभे राहिले, आणि यावेळी घड्याळ बघायला विसरले.

थरथर हळूहळू मंद झाली. नळी ताठ झाली आणि गप्प झाली.

"भरलं," काका म्हणाले.

सुनेनं मान हलवली, आणि तरी आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला. मग पाच मिनिटं काहीच आवाज नाही. ती जिन्याच्या वळणाला नुसती उभी असणार. ड्रिलवाला शिडी उतरवायला लागला होता, त्याला काकांनी हातानंच थांबवलं, आणि नळी तशीच कुशीत धरून ते वाट बघत राहिले.